ताईची उजवी बाजू

मी शाळेत कवायत शिकवते, पंचवीस वर्षं झाली. मुलं मला पाठीमागे 'शिट्टी' म्हणतात आणि तोंडावर 'बाई' म्हणतात, आणि दोन्ही मला चालतं. आवाज मोठा, तोंड फटकळ, राग नाकाच्या शेंड्यावर. मी लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं तर ताईच परस्पर सांगून टाकते, "हिची शिट्टी ऐकून आलेली स्थळं दारातूनच परत फिरली." माझ्याविषयी एवढं कळलं तरी पुरे. बाकी जे सांगायचंय ते ताईविषयी आहे, आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटते, हेही आधीच सांगून ठेवते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ती सतरा. माझे बूट, माझी फी, माझी स्पर्धांना जायची गाडीभाडी, सगळं तिने बघितलं. स्वतः मात्र बत्तिसाव्या वर्षी शहर बसची चालक झाली. त्या डेपोत तेव्हा ती एकटीच बाई होती. एकवीस वर्षं तिने बारा नंबरची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत कोणाच्या सायकलीलाही घासली नाही. भावजी गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. स्वयंपाक ती करते, आरडाओरडा मी करते.

एका सोमवारी सकाळी ती कूस बदलून उठायला गेली आणि तशीच पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

"अगं, घर फिरतंय," ती म्हणाली.

"घर कशाला फिरेल? रात्री जेवली नाहीस नीट."

"तसं नाही गं. भिंत खाली चाललीये." आणि तिने डोळे मिटून घेतले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. अर्ध्या मिनिटाने ठीक झाली. मग चष्मा उचलायला खाली वाकली आणि पुन्हा तेच. शेवटी उलटी झाली. ताईला मी आजवर तापातसुद्धा झोपून राहिलेलं पाहिलं नव्हतं. मी घाबरले की ओरडते, म्हणून तिच्यावर ओरडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ताईला तपासणीच्या टेबलावर बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं आणि झटकन मागे आडवं केलं. ताईने त्यांचं मनगट पकडलं. मी पायथ्याशी उभी होते, मला तिचे डोळे दिसत होते. बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती.

"सापडलं," डॉक्टरबाई अगदी आनंदाने म्हणाल्या. "मेंदूबिंदूचं काही नाही. आपल्या कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात, तोल सांभाळायला. त्यातले काही जागा सोडून शेजारच्या नळीत शिरलेत. डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. तुमच्या उजव्या कानात आहेत. डोकं ठरावीक क्रमाने वळवलं की ते पुन्हा जागेवर जातात. गोळी नाही, काही नाही."

त्यांनी तिथेच एकदा करून दाखवलं. मान उजवीकडे वळवून, खांद्याखाली उशी ठेवून मागे झोपवायचं. तिथे गरगरेल, गरगरू द्यायचं, थांबेपर्यंत थांबायचं. मग डोकं डावीकडे. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग हळूच उठवायचं. ताईला निम्मं बरं वाटलं. "अजून थोडे उरलेत," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तीन वेळा घरी करा. पहिल्या वळणाला गरगरलं की समजा बाजू बरोबर आहे. आठवड्याने मला दाखवा. कोण करणार घरी?"

"मी," मी म्हणाले. "मी कवायतीची शिक्षिका आहे."

"मग काय, प्रश्नच मिटला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे. तिच्यात स्वच्छ अक्षरात 'उजवीकडे' असंच लिहिलंय.

डेपोचा नियम असा की चालकाला चक्कर आली तर एक महिन्याची रजा. महिना संपताना डेपोच्या डॉक्टरांपुढे तपासणी. पास झाली तर पुन्हा बस, नाही तर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कायमची बदली. ती खिडकी मी पाहिली आहे. छत्र्या, डबे, एकेकटे मोजे आणि त्यांच्या मागे एक लाकडी खुर्ची. "तिथे मी तीन दिवसांत मरेन," ताई म्हणाली होती. ताई असं काही बोलत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्याच संध्याकाळी मी पलंगाच्या उशाशी बसले, ताईच्या मागे, डॉक्टरबाई बसल्या होत्या तशी. तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, "उजवीकडे," असं मोठ्याने म्हटलं आणि वळवून तिला मागे झोपवलं.

"कसं वाटतंय?"

"काहीच नाही."

"बघ, बरं व्हायला लागलं."

मग डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि ताईने माझ्या हातात नखं रोवली. घर फिरलं. थांबल्यावर ती म्हणाली, "अगं, तिकडे डॉक्टरबाईंनी केलं तेव्हा पहिल्यांदा फिरलं होतं. इथे दुसऱ्यांदा फिरतंय. आपण या बाजूने सुरुवात केली होती का? मला वाटतं त्यांनी या दुसऱ्या बाजूने..."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "ताई, मी पंचवीस वर्षं हजारो पोरांना डावं-उजवं शिकवतेय. आता तू मला शिकव."

तिने डोळे मिटले आणि मान माझ्या हातात सोडून दिली.

असे दिवस गेले. रोज तीन वेळा तेच. पहिल्या वळणाला शांतता, दुसऱ्या वळणाला घर फिरायचं. दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा एकदा विषय काढला, "बाजू नक्की..." आणि मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. "तू अंग ताठ ठेवतेस. घाबरतेस. निम्मं दुखणं तर तुझ्या मनात आहे." डॉक्टरबाईंकडे जायचा दिवस आला तेव्हा मीच म्हणाले, कशाला, त्या तरी वेगळं काय करणार, मी करते तेच करतील, अजून एक आठवडा बघू. खरं कारण असं की रिकाम्या हाताने मला त्यांच्यापुढे जायचं नव्हतं. प्रश्नच मिटला असं त्या म्हणाल्या होत्या ना.

ताई दिवसेंदिवस कमी बोलायला लागली. भिंतीला हात लावून चालायची. उंच फळीवरचा डबा काढायचं तिने सोडलं. उजव्या मनगटात तिने एक लाल रबरबँड घातला होता. मला वाटलं भाजीच्या पिशवीचा असेल, अडकवला असेल हातात. मी विचारलंही नाही.

एकदा मी तिला हवा लागावी म्हणून चौकापर्यंत नेलं. वाटेत एका माणसाने टपाल कार्यालय कुठे आहे असं विचारलं. बारा नंबरची बस त्या टपाल कार्यालयावरून दिवसातून आठ वेळा जाते. ताईने तोंड उघडलं, पुढच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुढे जाऊन... पुढे जाऊन कोणाला तरी विचारा." तो माणूस गेल्यावर मला हसू आलं.

"काय गं, बस चालवत होतीस की होडी?"

तीही हसली. तोंडापुरतं हसली, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

चौथ्या आठवड्यातला बुधवार. शाळेत नवीन कवायत सर आले होते, तरणे, हुशार, पुस्तकी. माझ्या मदतीला दिले होते. मैदानावर ते मुलांकडे पाठ करून उभे राहिले आणि हात वर करून दाखवायला लागले. मी शिट्टी मारली.

"सर, मुलांकडे पाठ? तुमची पाठ बघून काय शिकणार ती? तोंड करा इकडे."

"पण बाई, तोंड केलं की माझा उजवा त्यांना डावा दिसतो. गोंधळ होतो."

"गोंधळ तुमचा होतो. माझा नाही होत." मला सुरसुरी आली होती. पोरांसमोर नव्या माणसाला धडा द्यायचा म्हणजे काय, मला तर मेजवानीच. "हे बघा. मी 'उजवा' म्हणते आणि डावा हात वर करते. समोरून मुलांना तो बरोबर त्यांच्या उजव्या बाजूला दिसतो. पंचवीस वर्षांत एवढं अंगात भिनलंय की उजवा म्हटलं की माझा डावाच उठतो. झोपेतून उठवून विचारा. समोर कोणी असो, नसो, मी कुठेही..."

मी वर उचललेल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

मी ताईच्या समोर नव्हते. मी तिच्या मागे बसत होते. तिचा उजवा तोच माझा उजवा. आणि मी रोज "उजवीकडे" म्हणत होते आणि हात न चुकता दुसरीकडे जात होते.

"बाई?" नवीन सर म्हणाले.

"चालू द्या तुमचं," मी म्हणाले. "पाठ करूनच चालू द्या." आणि शाळा सुटायची वाट न बघता घरी निघाले.

वाटेत मला एकेक आठवत गेलं. पहिल्या वळणाला काही होत नव्हतं, ते का. तिने दोनदा विचारलं होतं, ते का. तीन आठवडे मी तिच्या चांगल्या कानावर उपचार करत होते, वर तिलाच नाटकी ठरवत होते. घरी पोचले तेव्हा ती भाजी निवडत होती, मान अगदी सरळ ठेवून, डोळे खाली करून. मी ठरवून आले होते की दारातच सांगायचं.

"आज लवकर?" ती म्हणाली.

"हो. डोकं दुखत होतं." असं म्हणाले मी. डोकं माझं दुखत होतं म्हणे.

त्या संध्याकाळी मी उशाशी बसले आणि ओठ घट्ट मिटून, एक शब्द न बोलता, तिचं डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं. मागे झोपवलं तशी ताई कण्हली. बुबुळं झटके द्यायला लागली, अगदी डॉक्टरबाईंच्या टेबलावर दिली होती तशी. मी मोजत राहिले. वीस, तीस, चाळीस. थांबली.

"आज पहिल्यालाच फिरलं," ती म्हणाली.

"आज जरा वेगळ्या पद्धतीने करतेय," मी म्हणाले. "एका पुस्तकात वाचलं."

खोटं बोलायची मला सवय नाही. मी फटकळ आहे, फटकळ माणसाला खोट्याची गरज पडत नाही. पण त्या दिवशी ते तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

गुरुवारी निम्मं कमी झालं. शुक्रवारी संध्याकाळी तिला मागे झोपवलं आणि काहीच झालं नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. ती उठून बसली, खाली वाकली, वर छताकडे पाहिलं. मग उभी राहून उंच फळीवरचा डबा काढला आणि छातीशी धरून तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," ती म्हणाली.

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. शनिवारी शेजारच्या काकू आल्या तर त्यांनाही तिने तेच सांगितलं. बहिणीने बरं केलं, पुस्तकं वाचून वाचून बरं केलं. काकू मला म्हणाल्या, अशी बहीण सगळ्यांना मिळो. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मनाला सांगत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बरी झाली ना? सोमवारी तपासणी आहे, ती पास होईल, बारा नंबर पुन्हा तिची. मग कशाला उगाच जुनं उकरायचं? आणि मग आठवायचं, "तू घाबरतेस, निम्मं दुखणं तुझ्या मनात आहे," आणि हातातली वाटी घासणं थांबायचं.

रविवारी सकाळी मी तिचा गणवेश इस्त्री करायला काढला. निळा सदरा, खांद्यावर डेपोचा बिल्ला. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. एकेक घडी अशी घालत होते की शाळेच्या निकालाच्या दिवशीही माझे कपडे तसे नसतात.

"राहू दे ते," ताई म्हणाली.

"का? उद्या तपासणी आहे."

"मी तपासणीला नाही जाणार. गुरुवारी डेपोत जाऊन अर्ज देऊन आले. खिडकीवरचं काम द्या म्हणून."

मी इस्त्री उभी केली. "तू बरी झालीस, ताई. पूर्ण बरी झालीस."

"चक्कर गेली. ते नाही गं." ती खुर्चीत बसली आणि उजव्या मनगटातला रबरबँड फिरवत राहिली. "तुला सांगणार नव्हते. तू हसशील. मला डावं-उजवं कळेनासं झालंय."

मी उगाच इस्त्री पुन्हा हातात घेतली.

"पहिल्या दिवशी मला अगदी पक्कं वाटलं होतं की डॉक्टरबाईंनी वेगळ्या बाजूला वळवलं होतं. तुला विचारलं. तू म्हणालीस नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तू म्हणालीस नाही. बाकी कशात तू चुकशील, स्वयंपाकात चुकशील, माणसं ओळखण्यात चुकशील. पण डावं-उजवं? तुझा धंदाच तो. मग चुकलं कोण? मीच ना? मग मी तपासायला लागले स्वतःला. दारातून बाहेर पडले की मनात म्हणायचं, जिना उजवीकडे. आणि लगेच वाटायचं, नक्की? हा रबरबँड घातला, हा हात उजवा म्हणून. तरी तो माणूस टपाल कार्यालय विचारायला आला आणि माझं डोकं कोरं झालं. सगळा रस्ता डोळ्यांसमोर होता आणि कुठल्या बाजूला वळायचं ते सांगता येईना." ती जरा थांबली. "माझ्या मागे साठ माणसं बसलेली असतात. ज्या बाईला वळण कुठल्या बाजूला ते कळत नाही, तिने त्यांना घेऊन रस्त्यावर उतरू नये. डॉक्टर पास करतील मला. कान बघतील आणि पास करतील. म्हणून मीच आधी गेले."

सदऱ्यावर इस्त्रीची कड टेकली होती, ती मी उचलली. मग सांगितलं. आधी पाठ करून सांगायला लागले, मग मलाच ते भेकडपणाचं वाटलं म्हणून तिच्याकडे वळले. म्हणाले, तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस. मी चुकत होते. मुलांसमोर उभं राहून उजव्याचा डावा करायची मला सवय लागलीये आणि तुझ्या मागे बसूनही माझे हात तेच करत होते. पुस्तकबिस्तक काही नाही. मी फक्त बाजू बदलली. तू सांगत होतीस तीच बाजू.

ताईने मनगटातला रबरबँड फिरवणं थांबवलं. मला वाटलं आता रडेल, किंवा ओरडेल, आयुष्यात एकदा तरी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी," ती म्हणाली. "मी अर्ज गुरुवारी दिला."

एवढंच म्हणाली. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, नेहमीसारखंच लावलं. मी इस्त्रीचा प्लग काढला आणि तिथेच जमिनीवर बसले. तीन आठवड्यांची चूक सवयीची होती, ती मी कुणालाही सांगू शकले असते. पण बुधवारी मी दारात उभी होते, सगळं माहीत असून, आणि म्हणाले की डोकं दुखतंय. ती माझी सवय नव्हती. ती मी होते.

सोमवारी मी शाळेत रजा टाकली आणि तिच्याबरोबर डेपोत गेले. ती नको म्हणाली नाही, ये असंही म्हणाली नाही. साहेबांच्या टेबलापाशी चार-पाच चालक चहा पीत उभे होते, सगळे ताईला ओळखणारे. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही. मला वाटलं, ऐकू देत. म्हणाले, साहेब, हिला डावं-उजवं पुरतं कळतं. कळत नव्हतं ते मला. मी शाळेत तेच शिकवते, तरी कळत नव्हतं. मग सगळं सांगितलं. एक चालक हसायला लागला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

साहेब भला माणूस होता. "लेखी द्या," म्हणाले. मी तिथेच उभ्याने लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं. "अर्ज मागे घेता येईल," ते ताईला म्हणाले, "तपासणीत पास झालात तर. पण बाई, अर्ज शुक्रवारीच मंजूर झाला आणि बारा नंबर मी शनिवारी दुसऱ्याला दिली. ती आता काढून घेता येणार नाही. तुम्ही राखीवमध्ये या. ज्या दिवशी जो चालक नसेल त्याची बस."

राखीवमध्ये म्हणजे नव्या पोरांबरोबर. सकाळी जाऊन बाकावर बसायचं आणि आपलं नाव पुकारायची वाट बघायची. एकवीस वर्षांनंतर.

"चालेल," ताई म्हणाली आणि तपासणीला आत गेली. पास झाली. डॉक्टरांनी तिला मान वळवायला लावली, वाकवलं, डोळे मिटून उभं केलं. शेवटी गंमत म्हणून विचारलं, उजवा हात कुठला? ताईने क्षणभरही न थांबता वर केला. मी दाराच्या फटीतून बघत होते.

परत येताना आम्ही बारा नंबरनेच आलो, दुसरी गाडी नव्हती. ताई प्रवाशांच्या आसनावर बसली, खिडकीशी, आणि सगळा वेळ चालकाच्या हातांकडे बघत राहिली.

"रागावलीस?" मी विचारलं.

"चुकलीस त्याचा नाही," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं. पण त्या बुधवारनंतरही मी स्वतःला वेडी समजत होते आणि तुला माहीत होतं की मी वेडी नाही. शेजारच्या खोलीत बसून माहीत होतं."

बस टपाल कार्यालयाशी उजवीकडे वळली.

त्याला आता तीन महिने झाले. ताई राखीवच आहे. कधी चार नंबर, कधी एकोणीस, कधी दुपारपर्यंत नुसती बाकावर. तक्रार करत नाही. रबरबँड तिने काढून टाकला. माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, माझ्यावरचे विनोदही पुन्हा करायला लागलीये, पण एखादी गोष्ट ठरवताना पूर्वी मला विचारायची, ते बंद झालंय. मी नवीन सरांना सांगितलंय की यापुढे आपण दोघं मुलांकडे पाठ करूनच शिकवायचं. मुलं माझ्या पाठीमागे तोंडं वेंगाडतात, वेंगाडू देत.

परवा संध्याकाळी ताई कामावरून आली आणि दारातच चौकटीला धरून उभी राहिली.

"परत आलंय," ती म्हणाली. "थोडं. त्याच कानात. सकाळी बाकावर बसून वर पाहिलं तेव्हा. मग आज बस घेतलीच नाही."

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे खडे पुन्हा सुटू शकतात, घाबरायचं कारण नाही. तरी मी घाबरलेच. यावेळी ओरडले नाही. म्हणाले, "चल, दवाखाना उघडा असेल अजून. मी रिक्षा बघते."

"उद्या जाऊ," ती म्हणाली. तिने पिशवी ठेवली, चष्मा काढला आणि पलंगावर जाऊन बसली, खांद्यामागे उशी ओढून घेतली. "आधी तू कर."

मी उशाशी बसले. तिचं डोकं हातात घेतलं. केस आता बरेच पांढरे झालेत, मागून बघितल्यावर कळतं. वही शेजारी उघडी होती, 'उजवीकडे' असं लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. हात वळायला निघाले आणि मी ते थांबवले.

"ताई," मी विचारलं, "उजवी कुठली?"

तिने हात वर करून दाखवली.